फुकटातलं पण कामाचं: साइट, सॉफ्टवेअर, व्हिडिओ टाका, पण नीट टाका

पांझराकाठ
धुळे-जळगाव-नंदुरबारच्या ग्रुपांवर रोज डझनभर लिंका येतात आणि सोबत एवढंच लिहिलेलं असतं: 'भारी आहे, बघाच.' उघडून पाहावं तर साइट केव्हाच बंद पडलेली, नाहीतर पाचव्या मिनिटाला पैसे मागणारी, नाहीतर सॉफ्टवेअर ६४ बिटचं आणि घरचा संगणक ३२ बिटचा. म्हणून हा धागा.

काहीही सुचवा, पण चार गोष्टी सोबत द्या. नेमकं काम काय करतं, साधारण किती एमबी, फुकट म्हणजे कोणत्या अर्थाने फुकट, आणि कुठे अडतं. थेट लिंक टाकू नका, नाव किंवा पत्ता अक्षरात लिहा. लिंकेवर दिसतं एक आणि उघडतं दुसरंच, हा प्रकार आता फार झालाय.

सुरुवात माझ्याकडून. सेव्हन-झिप. दीड-दोन एमबीचं आहे, दाबून लहान केलेल्या झिप आणि आरएआर फाइली दोन्ही उघडतं, कायमचं फुकट, मुक्तस्रोत (म्हणजे कोड सगळ्यांना खुला). पत्ता सेव्हन-झिप डॉट ओआरजी. याच नावाच्या डॉट कॉमवर जाऊ नका. एक अडचण: ते आरएआर उघडतं, पण आरएआर बनवत नाही. समोरच्याला पाठवायचं असेल तर झिपच करा, सेव्हनझेड (याचा स्वतःचा प्रकार) केलं की फोनवर नुसता घोळ होतो.

धुळ्याचा_भो
म्हणजे विनरार काढू का? चाळीस दिननी मुदत आजूनबी सरी नही राहिनी भो.

शेवभाजी_तिखट
विनरारची फुकट वापरायची मुदत सरत नसते भो. आपल्याकडच्या कितीतरी संगणकांवर ती आल्या दिवसापासून चालूच आहे.

अमळनेरकर
धागा चांगला, पण 'फुकट'ची फोड आधी करू, नाहीतर पुढे वाद होईल. चार जाती आहेत. पहिली मुक्तस्रोत: व्हीएलसी (व्हिडिओ बघायला), लिबरऑफिस (लिखाण-हिशेबाला), सेव्हन-झिप, गिम्प (फोटोला), ऑडॅसिटी (आवाजाला). यात मुदत नाही, वॉटरमार्क नाही, दुकानात वापरलं तरी चालतं. दुसरी, जाहिरातींवर चालणारी: फोटोपिया. तिसरी, घरगुती वापरापुरती फुकट, धंद्यात वापरली तर परवाना लागतो. दुकानदारांनी ही ओळ वाचल्याशिवाय काही टाकू नये. चौथी म्हणजे नुसती चाचणी. व्हिडिओ कापायला अर्धा तास घालवायचा आणि सेव्ह करताना मधोमध शिक्का उमटायचा. ही चौथी जात 'फुकट' म्हणून फिरवणाऱ्याला एक दिवस भरीत पार्टीतून वगळावं.

रावेरची_केळी
व्हिडिओवरून आठवलं. लग्नाचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर टाकताना 'फाइल फार मोठी आहे' असं येतं, पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा आणि रिकामा असला तरी. काय कारण?

भुसावळ_यार्ड
केळीभाऊ, पेन ड्राइव्ह फॅट-३२ (फाइली साठवायची जुनी पद्धत) आहे. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर मावतच नाही, जागा कितीही असो. उपाय दोन.

एक, पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. राइट क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टिममध्ये एक्सफॅट निवडा. आतलं सगळं पुसलं जाईल, आधी कॉपी काढा. पण जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, तेव्हा टीव्हीवरच दाखवायचं असेल तर हा उपाय बाद.

दोन, व्हिडिओच लहान करा. त्याला हँडब्रेक. मुक्तस्रोत, पत्ता हँडब्रेक डॉट एफआर. शेवटी एफआर आहे, हे नीट बघा. फाइल आत ओढून टाका, प्रीसेट 'फास्ट ७२०पी३०', फॉरमॅट एमपी४. व्हिडिओच्या टॅबमध्ये एन्कोडर एच.२६४ ठेवा, एच.२६५ ने फाइल आणखी लहान होते, पण जुना टीव्ही ती उघडत नाही. खाली आरएफ नावाचा सरकपट्टा आहे. आकडा वाढला की फाइल लहान, चित्र भुरकट. २४ ते २६ वर हळदीच्या गर्दीतले चेहरे ओळखू येतात. ३० वर नवरदेव कोणता ते विचारावं लागतं.

जुन्या कॅसेटवरून किंवा डीव्हीडीवरून घेतलेलं असेल तर हलत्या माणसाच्या कडेला कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात. फिल्टरच्या टॅबमध्ये डीइंटरलेस चालू करा. आधी दोन मिनिटांचा तुकडा करून टीव्हीवर लावून बघा, मग पूर्ण तीन तासांचं चालवा. जुन्या संगणकाला रात्र लागेल.

रावेरची_केळी
चित्र दिसतं पण आवाज येत नाही, तेही याच्यानेच जाईल का?

भुसावळ_यार्ड
बहुतेक वेळा जाईल. फाइलमधला आवाज डीटीएस असेल तर बरेच टीव्ही तो वाजवत नाहीत. हँडब्रेकच्या ऑडिओ टॅबमध्ये एएसी निवडा. आणि ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो, असं असेल तर संगणकावर व्हीएलसीत जे आणि के या कळा दाबून आवाज ५० मिलिसेकंदांच्या पावलांनी मागेपुढे सरकवता येतो. ते फक्त त्या वेळेपुरतं, फाइलमध्ये बदल होत नाही.

मास्तर_चोपडा
हँडब्रेकपर्यंत न जाता निम्म्या लोकांचं काम व्हॉट्सॲपवरच होईल. व्हिडिओ नेहमीसारखा गॅलरीतून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबतं. क्लिपचं चिन्ह, मग 'दस्तऐवज', आणि तिथून तोच व्हिडिओ निवडा. जसा आहे तसा जातो, २ जीबीपर्यंत. फोटोंचंही तेच: जमिनीचा नकाशा किंवा दाखला फोटो म्हणून पाठवला की बारीक अक्षर जातं, दस्तऐवज म्हणून पाठवला की राहतं.

ताई_पारोळा
मास्तर, २ जीबी पाठवणार कोण? समोरच्याचा दिवसाचा डेटा दीड जीबी. 😄

मास्तर_चोपडा
ताई, मान्य. मग ड्राइव्हची लिंक. गूगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट आहे, पण त्यात जीमेल आणि फोटो दोन्ही मोजले जातात. आणि लिंक पाठवणाऱ्यांना हात जोडून विनंती: पाठवण्याआधी 'शेअर'मध्ये जाऊन 'मर्यादित'च्या जागी 'लिंक असलेले कोणीही' करा, भूमिका 'दर्शक' ठेवा. नाहीतर पन्नास जण 'परवानगी मागा' दाबतात, पन्नास मेल येतात, आणि फाइल कुणालाच दिसत नाही. 'संपादक' चुकूनही ठेवू नका, कुणीतरी फोल्डरच रिकामा करतो.

कळण्याची_भाकरी
जवळजवळ बसलेल्यांना डेटा कशाला लागतो? एका यंत्रावरून दुसऱ्यावर फाइल पाठवायला लोकलसेंड. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, लिनक्स सगळ्यांवर चालतं, मुक्तस्रोत, जाहिरात नाही, खातं उघडावं लागत नाही. दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर हवीत, आणि त्या वायफायला इंटरनेट नसलं तरी चालतं. वायफायच नसेल तर एका फोनचा हॉटस्पॉट चालू करा, दुसरा त्याला जोडा. फाइल हॉटस्पॉटमधून जाते, डेटा खर्च होत नाही.

समोरचं यंत्र दिसत नसेल तर कारणं ठरलेली. विंडोजने ते वायफाय 'सार्वजनिक' धरलंय, ते 'खाजगी' करा. नाहीतर फायरवॉलने अडवलंय, पहिल्यांदा विचारतं तेव्हा 'परवानगी द्या' दाबायचं असतं. तिसरं, राउटरचं गेस्ट वायफाय. त्यावर यंत्रं एकमेकांना दिसतच नाहीत.

जुना_गडी
शेअरइट होतं तेव्हा असलं काही लागत नव्हतं.

कळण्याची_भाकरी
नाना, शेअरइट आणि झेंडर दोन्हींवर जून २०२० मध्येच बंदी आली, ५९ ॲपच्या यादीत. आता गावात फिरतात त्या कुठल्यातरी एपीके फाइली, म्हणजे बाहेरून टाकायची ॲप. त्या टाकू नका. अँड्रॉइडमध्ये क्विक शेअर आहेच, काही टाकावं लागत नाही.

धुळ्याचा_भो
आता करमणूक कधी? सगळे मास्तर झाले. अहिराणी कॉमेडीच्या लिंका टाका ना.

शेवभाजी_तिखट
अहिराणी कॉमेडी शोधायची गरज नाही, ती आपल्याला शोधत येते. पण एक तक्रार. ग्रुपवर येतात ते तीस सेकंदांचे कापलेले तुकडे, वर भलत्याच पेजचा शिक्का. मूळ व्हिडिओ कुणाचा ते कळत नाही आणि बघितल्याचा आकडाही मूळ पोरांना मिळत नाही. यूट्यूबवर मूळ चॅनेल शोधून त्याची लिंक पाठवा.

जुना_गडी
लिंक पाठवली की वीस मिनिटांचा व्हिडिओ. हसायचं बाराव्या मिनिटाला, तोवर कोण थांबतं?

अमळनेरकर
नाना, लिंक थेट बाराव्या मिनिटापासून सुरू करता येते. संगणकावर व्हिडिओ हव्या त्या जागी थांबवून त्याच्यावर राइट क्लिक करा, 'सध्याच्या वेळेसह व्हिडिओ यूआरएल कॉपी करा' असं मिळेल. फोनवर हाताने करायचं. शेअर केलेल्या लिंकेच्या शेवटी प्रश्नचिन्ह, मग इंग्रजी 'एसआय', बरोबरचं चिन्ह आणि अक्षरांची लांबलचक शेपटी असते. ती शेपटी फक्त कुणी कुणाला पाठवलं याचा माग ठेवायला. प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं कापा, व्हिडिओ तसाच उघडतो. मग त्या जागी प्रश्नचिन्ह, इंग्रजी टी, बरोबर, आणि सेकंद. बारा मिनिटं म्हणजे ७२०. शेपटी न कापता जोडायचं असेल तर प्रश्नचिन्हाऐवजी अँड चिन्ह लागतं. एका पत्त्यात दोन प्रश्नचिन्हं टाकली की वेळ लागू होत नाही, सगळे इथेच चुकतात.

जुना_गडी
एवढं करेपर्यंत हसू येऊन गेलं.

ताई_पारोळा
😂 नाना बरोबर आहेत. 'बाराव्या मिनिटाला बघा' एवढं लिहिलं तरी पुरे.

सातपुड्याखाली
धडगाव-अक्कलकुव्याकडे रेंजच नसते, तिथे लिंकेचं काय करणार? व्हिडिओ फाइल म्हणूनच द्यावा लागतो.

शेवभाजी_तिखट
यूट्यूब ॲपमध्ये डाउनलोडचं बटण दिसत असेल तर रेंजमध्ये असताना उतरवून घ्या, दर्जा कमी ठेवा. पण तो त्याच ॲपमध्ये चालतो, फाइल म्हणून दुसऱ्याला देता येत नाही. 'व्हिडिओ उतरवा' म्हणणाऱ्या साइटवर मात्र चार हिरवी बटणं असतात आणि त्यातली तीन जाहिराती.

मास्तर_चोपडा
सातपुडाभाऊ, मुलांसाठी असेल तर रेंजशिवाय चालणारी चांगली गोष्ट आहे. फेट, कोलोरॅडो विद्यापीठाची विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स. परिपथ, अपूर्णांक, गुरुत्व असं सगळं हलवून बघता येतं. कितीतरी मराठीतही आहेत. प्रत्येक सिम्युलेशनच्या पानावर डाउनलोडचं चिन्ह असतं, एकच एचटीएमएल फाइल मिळते, काही एमबीची. ती पेन ड्राइव्हवरून कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते, इंटरनेट लागत नाही. मात्र भाषा आधी मराठी निवडा आणि मग उतरवा.

सोबत ई-बालभारतीवरून पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ, अरविंद गुप्ता टॉइजवरून टाकाऊतून खेळणी करण्याचे व्हिडिओ आणि मराठी पुस्तकं. आणि मोठ्यांना लिबरऑफिस शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल, मराठी आवाजात. व्हिडिओ जेमतेम दहा मिनिटांचे असतात, बघत बघत सोबत करायचं.

वाचनवेडी_जळगाव
पुस्तकांचं मी सांगते. इंटरनेट आर्काइव्हवर १८८० चं खानदेश गॅझेटियर आहे, मुंबई इलाख्याचा बारावा खंड. इंग्रजीत आहे, पण आपल्या तालुक्यांची, बाजारांची, पाटांची माहिती खच्चून भरलेली. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्याआधीचं हे सगळं एकत्र मिळतं. पीडीएफ जड असते. पानावरच शोध चालतो, उतरवायची गरज नाही.

शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाचा डीएसएएल संग्रह. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दात्यांचा शब्दकोश, दोन्ही फुकट. देवनागरीत शब्द टाकून शोधता येतो.

आणि 'पीडीएफ आहे का' विचारणाऱ्यांसाठी: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. मरणोत्तर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाला मात्र छापल्याच्या सालापासून ६०. म्हणून आपल्या बहिणाबाईंचं गणित वेगळं. त्या १९५१ साली गेल्या, पुस्तक आलं १९५२ साली, म्हणजे २०१३ पासून त्यांच्या ओव्या कुणालाही टाकता येतात. मात्र नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टीपा आणि चित्रं त्यात धरू नका. कालपरवाच्या कादंबऱ्यांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ इथे मागू नयेत.

रावेरची_केळी
शेतीचं कुणी बोललं नाही. दामिनी: विजेचा इशारा देतं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं. मेघदूत: हवामान खात्याचं, मंगळवार-शुक्रवार पीकसल्ला. विंडी: वारा बघायला, केळीच्या बागेला वाऱ्याचीच भीती. विंडीत हवामान अंदाजाची दोन मॉडेलं, युरोपचं आणि अमेरिकेचं जीएफएस, वेगवेगळं सांगतात. युरोपचं साधारण ९ किलोमीटरच्या चौकटीत मोजतं, जीएफएस २२ च्या. म्हणजे तुमच्या गावाचं नाव दिसलं तरी आकडा चौकटीचा असतो, बांधाचा नाही. दोघं एकच सांगतात तेव्हा घड बांधायला घ्या.

आणि सातबारा. महाभूलेखवर नुसता बघायला फुकट, पण तो माहितीपुरता, बँकेत चालत नाही. डिजिटल सहीचा १५ रुपयांना, तो चालतो. पत्त्यात सुरुवातीच्या एचटीटीपीएसच्या दोन रेघा सोडून पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी जीओव्ही डॉट इन असलं पाहिजे. आधी कुठेतरी जीओव्ही आणि शेवटी डॉट कॉम असेल तर ती साइट सरकारची नाही.

ताई_पारोळा
मराठी टायपिंग कुणी सांगेल का? गूगलचं इनपुट टूल्स विंडोजवर मिळत नाही आता. ज्या साइटवर मिळतं तिथे अँटिव्हायरस ओरडतो.

अमळनेरकर
ताई, ओरडतो ते बरंच आहे. गूगलने विंडोजचं ते इन्स्टॉलर केव्हाच काढून घेतलं, फिरतात त्या परक्या प्रती. क्रोमचं एक्स्टेन्शन आणि वेबपान अजून आहे. पण विंडोजमध्येच आता सोय आहे, २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून. सेटिंग्ज, वेळ आणि भाषा, भाषा, 'भाषा जोडा'मध्ये मराठी. मग मराठीच्या पर्यायांत जाऊन 'कीबोर्ड जोडा', मराठी फोनेटिक. विंडोज कळ आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते. इंटरनेट लागत नाही.

लग्नपत्रिकावाल्यांसाठी: जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला की कचरा दिसतो, कारण तो युनिकोड (सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरपद्धत) नसतो. आधी युनिकोड करून देणाऱ्या परिवर्तकातून काढा, आणि मग जोडाक्षरं, रफार आणि 'ऱ्या' डोळ्यांनी तपासा. परिवर्तक नेमका 'पुढाऱ्यांचे'सारख्या शब्दांवर घसरतो. फॉन्टसाठी मुक्ता आणि बलू, गूगल फॉन्ट्सवर, छपाईलाही मोकळे. पीएसडी फाइल आली आणि फोटोशॉप नसेल तर फोटोपिया, ब्राउझरमध्येच उघडते, फाइल कुठे चढवली जात नाही.

धुळ्याचा_भो
ग्रुपवर 'लग्नपत्रिका डॉट एपीके' उनी. हाई पत्रिका शे का?

भुसावळ_यार्ड
नाही भो! पत्रिका पीडीएफ असते, नाहीतर फोटो. एपीके म्हणजे ॲप. आरटीओ चलन, बँकेची केवायसी या नावांनीही हेच येतं. ते मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवतं.

कुणी टाकलंच असेल तर: आधी विमान मोड. मग सेटिंग्जमधून ॲप काढा. 'काढा' बटण फिकट दिसत असेल तर सुरक्षेच्या सेटिंगमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन'मधून आधी त्याची परवानगी काढा, मग निघतं. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन. ग्रुपवरचा मेसेज ॲडमिनला सर्वांसाठी पुसता येतो, तो आधी पुसा. बऱ्याचदा पाठवणाऱ्याचाच फोन गेलेला असतो, म्हणून 'अप्पांनी पाठवलं' हा पुरावा नाही.

संशय असलेली सॉफ्टवेअर फाइल व्हायरसटोटलवर टाकून बघा, ६५० एमबीपर्यंत घेतं. पण आधार, सातबारा, निकाल असलं तिथे चढवू नका, ती फाइल इतरांच्या हाती जाऊ शकते.

जुना_गडी
फॉरवर्डवर दोन बाण दिसतात ते काय?

ताई_पारोळा
नाना, ते पाच किंवा जास्त हात फिरून आलंय. असं आलेलं एका वेळी एकाच माणसाला किंवा एकाच ग्रुपला पाठवता येतं. दोन बाण म्हणजे कुणीच उघडून बघितलेलं नाही, असं समजा. 🙂

पांझराकाठ
चर्चा छान झाली, पण मूळ प्रश्न मागे पडला. पाठवताना मजकूर कसा असावा, त्याचा नमुना टाकतो. सुधारा:

'हँडब्रेक. व्हिडिओची फाइल लहान करतं. मुक्तस्रोत, शिक्का नाही. पत्ता हँडब्रेक डॉट एफआर, संगणकासाठी, फोनवर नाही. जुन्या संगणकावर तासाच्या व्हिडिओला कित्येक तास लागतात.'

अमळनेरकर
यात तारीख घाला. 'अमुक महिन्यात उघडून बघितलं' एवढंच. सहा महिन्यांनी तोच मेसेज फिरत येतो तेव्हा कळतं.

वाचनवेडी_जळगाव
आणि 'गूगलवर शोधा' लिहू नका. शोधात वरची पहिली नोंद बहुतेक 'प्रायोजित' असते, नकली साइटवाले तीच जागा विकत घेतात. पत्ता लिहा, तोच टाइप करा.

सातपुड्याखाली
वर ३२ बिटचं म्हणाले होते. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट तर १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. आमच्या पाड्यावरच्या शाळेतल्या जुन्या संगणकांचं काय करायचं? ते ३२ आहेत की ६४?

भुसावळ_यार्ड
सेटिंग्ज, सिस्टिम, 'बद्दल'. तिथे 'सिस्टिम टाइप' बघा. '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर' असं असेल तर यंत्र ६४ चंच आहे, विंडोज चुकीचं टाकलंय. त्यावर लिनक्स मिंटची (विंडोजऐवजी टाकायची फुकट सिस्टिम) एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चालते. २ जीबी रॅम किमान, ४ असेल तर बरं, डिस्कवर २० जीबी.

८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर व्हेन्टॉय टाका, ते पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करतं (आतलं पुसलं जातं), मग मिंटची आयएसओ (पूर्ण सिस्टिमची एकच फाइल) नुसती कॉपी करा. सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, कंपनीनुसार. सिक्युअर बूट चालू असेल तर पहिल्यांदा निळा पडदा येतो, 'एनरोल की फ्रॉम डिस्क' मधून व्हीटॉयईएफआय हा विभाग आणि त्यातली 'एनरोल धिस की इन मोकमॅनेजर' नावाची फाइल निवडावी लागते. मिंट लगेच टाकू नका. पेन ड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासा, आणि आधी मुलांच्या फाइली काढून घ्या. संगणकावर टॅली किंवा मराठीचं जुनं विंडोज सॉफ्टवेअर लागत असेल तर तो तसाच ठेवा, इंटरनेटची वायर काढून.

सातपुड्याखाली
आणि खरोखर ३२ निघाला तर?

भुसावळ_यार्ड
मग मिंटचीच एलएमडीई ६, तिची ३२ बिट प्रत आहे. एलएमडीई ७ घेऊ नका, त्यात ३२ नाही. मॉडेल नंबर आणि रॅम इथे टाका, आयएसओ कोणती ते सांगतो.

धुळ्याचा_भो
रॅमचा आकडा जीबीत टाका भाऊ. एमबीत निघाला तर नानांना देऊन टाका, विनरारसाठी.